पायक्यूटी + ओपनसीव्ही: उबुंटूवर ॲप उघडण्याआधीच 'एक्ससीबी' म्हणून बंद पडतंय

विणकर_कोड (धागाकर्ता)

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेल युनिटसाठी तपासणीचं ॲप आहे. चेकिंग टेबलावर यूएसबी कॅमेरा टांगलाय, खालून ३० बाय ६० चा टॉवेल सरकतो. लूप सुटलेत का, किनार फाटलीय का ते ओपनसीव्ही (चित्रं तपासणारी लायब्ररी) बघतं आणि ऑपरेटरला स्क्रीनवर लाल चौकट दिसते. खिडक्या-बटणं पायक्यूटी५ मध्ये (क्यूटी या खिडक्यांच्या फ्रेमवर्कचं पायथन बाइंडिंग, म्हणजे जोडणी), तासागणिक फॉल्टचा आलेख मॅटप्लॉटलिबचा.

विंडोज लॅपटॉपवर सगळं मख्खन चालतं. तोच कोड युनिटमधल्या उबुंटू २२.०४ वर (पायथन ३.१०, नवीन व्हेन्व, म्हणजे पॅकेजेसची वेगळी जागा) चालवला की खिडकी दिसायच्या आतच ॲप मरतं. टर्मिनलवर हे येतं (फोरमच्या नियमाप्रमाणे उच्चार देवनागरीत लिहितोय):

"कुड नॉट लोड द क्यूटी प्लॅटफॉर्म प्लगइन एक्ससीबी इन …/साइट-पॅकेजेस/सीव्ही२/क्यूटी/प्लगइन्स ईव्हन दो इट वॉज फाउंड."

त्याखाली "ॲप्लिकेशन रीइन्स्टॉल केल्यास अडचण सुटू शकेल" अशा अर्थाची ओळ, आणि शेवटी "अबॉर्टेड (कोअर डम्प्ड)".

आतापर्यंत केलेलं:
– पायक्यूटी५ काढून परत टाकलं. तीनदा.
– ॲप्टनं लिबएक्ससीबी-झिनेरामा० टाकलं.
– इम्पोर्टचा क्रम उलटा केला, आधी पायक्यूटी, मग सीव्ही२.
– क्यूॲप्लिकेशनच्या (क्यूटी ॲप सुरू करणाऱ्या) ओळीभोवती ट्राय-एक्सेप्ट लावलं. एक्सेप्टमध्ये येतच नाही.

प्लगइन सापडलं म्हणतंय आणि लोड होत नाही म्हणतंय. काय करावं कळंना. सोमवारी पहिल्या पाळीला मशीन चालू पाहिजे.

---

टर्मिनल_तात्या

एररमधली वाट नीट वाचा. प्लगइन कुठं शोधतंय? सीव्ही२ च्या फोल्डरात. ॲप पायक्यूटीचं असताना ते ओपनसीव्हीच्या घरात कशाला शिरलं? सगळी गोम तिथंच आहे.

ओपनसीव्ही ही नुसती चित्रांची लायब्ररी असं आपण धरून चालतो. पण तिचं आयएमशो हे फंक्शन खिडकी उघडतं ना, म्हणजे तिच्या पोटात खिडक्यांचं फ्रेमवर्कही आहे. पिपवरून (पायथनची पॅकेजेस टाकायचं साधन) येणाऱ्या ओपनसीव्ही-पायथनच्या लिनक्स व्हीलमध्ये (तयार पॅकेज फाइलीत) ते फ्रेमवर्क म्हणजे चक्क क्यूटी५. पायक्यूटी५ आपली क्यूटी घेऊन येतं, ओपनसीव्ही आपली. एका प्रोसेसमध्ये दोन क्यूटी झाल्या.

आता भांडण कुठं लागतं ते. इम्पोर्ट सीव्ही२ होताना लिनक्सवर तिची इनिट फाइल एक एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल गुपचूप बदलते: क्यूटी_क्यूपीए_प्लॅटफॉर्म_प्लगइन_पाथ. त्यात सीव्ही२/क्यूटी/प्लगइन्स ही वाट भरली जाते. पुढं तुम्ही क्यूॲप्लिकेशन बनवता तेव्हा पायक्यूटीची क्यूटी तो पत्ता वाचून तिथं जाते. एक्ससीबीची फाइल तिथं असते, म्हणून "सापडलं". पण ती ओपनसीव्हीच्या क्यूटीशी बांधलेली, हिच्या कामाची नाही, म्हणून "लोड होत नाही". एक्स सर्व्हरशी (लिनक्सवर पडदा सांभाळणाऱ्या प्रोग्रामशी) बोलायचं प्लगइनच नाही म्हटल्यावर क्यूटी स्वतःच अबॉर्ट मारते. तो सिग्नल ६ असतो, पायथनचं एक्सेप्शन नव्हे, त्यामुळं तुमच्या ट्राय-एक्सेप्टला तो दिसणारच नाही. चालवून झाल्यावर "एको डॉलर-प्रश्नचिन्ह" केलंत तर १३४ येईल: १२८ अधिक ६.

इम्पोर्टचा क्रम उलटून का भागलं नाही तेही यातच आलं. व्हेरिएबल वाचलं जातं क्यूॲप्लिकेशन बनताना, इम्पोर्टच्या वेळी नाही. दोन्ही इम्पोर्ट त्याच्या आधी झालेत, मग कुणीही पहिलं असो, बदललेला पत्ताच वाचला जाणार.

विंडोजवर चालतं कारण विंडोजच्या व्हीलमध्ये ओपनसीव्ही खिडकीसाठी क्यूटी वापरतच नाही, विंडोजच्या स्वतःच्या खिडक्या वापरते. तिथं भांडायला दुसरी क्यूटीच नाही.

खात्री हवी असेल तर इम्पोर्टनंतर, क्यूॲप्लिकेशनच्या आधी एक ओळ टाकून ते व्हेरिएबल प्रिंट करा. सीव्ही२ ची वाट छापली गेली की निदान पक्कं.

---

विणकर_कोड

छापली. अगदी तीच वाट. आणि १३४ सुद्धा आलं.

मग इम्पोर्टनंतर ओएस.एन्व्हायरॉन.पॉप करून ते व्हेरिएबल काढून टाकलं तर भागेल का?

---

टर्मिनल_तात्या

ॲप उघडेल. पण तो इलाज नव्हे. दुसरी क्यूटी प्रोसेसमध्ये तशीच बसलेली राहते. कोडात कुठं एखादा विसरलेला आयएमशो असेल तर तो ओपनसीव्हीच्या क्यूटीत स्वतःचं क्यूॲप्लिकेशन उभं करायला जाईल आणि मग ॲप अडकेल किंवा पडेल, तेही सुरुवातीला नाही, ऐन चालू पाळीत. सोमवार सकाळची निकड असेल तर पॉप करा, पण त्या आठवड्यातच खालचं करून टाका.

खरा इलाज म्हणजे हेडलेस आवृत्ती. ओपनसीव्ही-पायथन-हेडलेस म्हणजे तीच ओपनसीव्ही, फक्त खिडक्यांचा भाग काढलेला. व्हिडिओकॅप्चर, फिल्टर, कॉन्टूर सगळं जसंच्या तसं.

इथं बहुतेकजण घसरतात ते असं: नुसतं "पिप इन्स्टॉल ओपनसीव्ही-पायथन-हेडलेस" करून मोकळे होतात. पिपच्या लेखी ही दोन वेगळी पॅकेजेस आहेत, त्यामुळं जुनं काढलं जात नाही. पण दोघंही सीव्ही२ या एकाच फोल्डरात फाइली टाकतात. कोणाच्या कोणत्या फाइली उरल्या याचा पत्ता लागत नाही. आणि मग शहाणपणानं जुनं अनइन्स्टॉल केलं की ते जाताना नव्याच्याही फाइली घेऊन जातं. तेव्हा इम्पोर्टच होत नाही किंवा "सीव्ही२ मध्ये व्हिडिओकॅप्चर नाही" असं विचित्र काहीतरी येतं.

म्हणून हा क्रम:

१) पिप लिस्ट करून "ओपनसीव्ही" गाळा. चार नावं असू शकतात: ओपनसीव्ही-पायथन, ओपनसीव्ही-कॉन्ट्रिब-पायथन आणि या दोघांच्या मागं -हेडलेस लागलेली दोन.
२) यादीत जेवढी असतील तेवढी सगळी एकाच फटक्यात अनइन्स्टॉल.
३) साइट-पॅकेजेसमध्ये सीव्ही२ फोल्डर उरलाय का बघा. उरला असेल तर हातानं उडवा.
४) आता एकच टाका. कॉन्ट्रिबमधलं (जादा मॉड्यूल्समधलं) काही वापरत असाल तर ओपनसीव्ही-कॉन्ट्रिब-पायथन-हेडलेस, नाहीतर साधी हेडलेस. दोन्ही नको.

रिक्वायरमेंट्स फाइलमध्येही नाव बदला, नाहीतर पुढच्या मशीनवर परत पहिले पाढे पंचावन्न.

---

कुर्डुवाडी_जंक्शन

तात्यांच्या यादीत एक पुस्ती. तुम्ही कितीही स्वच्छ केलं तरी दुसरं एखादं पॅकेज ओपनसीव्ही-पायथनला मागच्या दारानं आत आणतं. अल्ट्रालिटिक्स हे नेहमीचं उदाहरण, त्याच्या अवलंबनांत साधी ओपनसीव्ही-पायथन आहे. उद्या टॉवेलच्या फॉल्टसाठी योलो (वस्तू ओळखणारं मॉडेल) लावायचं ठरवलंत आणि ते टाकलंत की हेडलेसच्या बोकांडी पुन्हा दुसरी बसणार. तेव्हा अशी पॅकेजेस आधी टाकायची आणि ओपनसीव्हीची साफसफाई सगळ्यात शेवटी करायची.

शेवटी तपासायला पिपवर विसंबू नका, चालू प्रोसेसलाच विचारा. ॲप चालू असताना प्रॉक/पीआयडी/मॅप्स या फाइलमध्ये "क्यूटी५कोअर" ग्रेप करा (शोधा). सगळ्या ओळी पायक्यूटी५/क्यूटी५/लिब या एकाच वाटेच्या असल्या पाहिजेत. ओपनसीव्ही_पायथन.लिब्स अशी वाट एकदा जरी दिसली तरी दुसरी क्यूटी अजून घरात आहे.

आणि युनिटच्या मशीनला इंटरनेट नसेल (बहुतेक ठिकाणी नसतंच, दिलं की ऑपरेटर यूट्यूब लावतो) तर विंडोज लॅपटॉपवरून नुसतं पिप डाउनलोड करू नका, विंडोजची व्हील्स उतरतील. स्पष्ट सांगावं लागतं: --प्लॅटफॉर्म मेनीलिनक्स२०१४_एक्स८६_६४, --पायथन-व्हर्जन ३.१० आणि --ओन्ली-बायनरी=:ऑल:. नम्पायही (ओपनसीव्हीला लागणारं आकड्यांच्या ॲरेचं पॅकेज) त्याबरोबर उतरेल. पेनड्राइव्हवरून नेऊन तिथं --नो-इंडेक्स आणि --फाइंड-लिंक्स देऊन टाका.

---

विणकर_कोड

हेडलेस टाकलं, चारांपैकी दोन निघाली होती. ॲप उघडलं! पण दोन नवी दुखणी.

एक: कॅलिब्रेशनच्या बटणावर "द फंक्शन इज नॉट इम्प्लिमेंटेड, रीबिल्ड द लायब्ररी…" असं येतं.

दोन: आलेखाचा टॅब वेगळ्या फाइलमध्ये आहे. ती फाइल मेनमध्ये पहिल्या ओळीला इम्पोर्ट केली की "क्यूविजेट: मस्ट कन्स्ट्रक्ट अ क्यूॲप्लिकेशन बिफोर अ क्यूविजेट" आणि पुन्हा अबॉर्ट. शेवटी इम्पोर्ट केली तर चालतं. क्यूॲप्लिकेशन तर मी आधीच बनवलंय! हे भूत कुठलं?

---

टर्मिनल_तात्या

पहिलं अपेक्षितच. हेडलेसमध्ये आयएमशो, वेटकी, नेम्डविंडो, डिस्ट्रॉयऑलविंडोज यांचा आवाज बंद. प्रोजेक्टमध्ये ही चार नावं शोधा आणि काढा. कॅलिब्रेशनला आयएमशोच हवं असेल तर ती स्क्रिप्ट पूर्ण वेगळी, वेगळ्या व्हेन्वमध्ये, जिथं पायक्यूटी नाही आणि साधी ओपनसीव्ही आहे. आकडे जेसनमध्ये लिहायचे, मुख्य ॲपनं वाचायचे. वेगळी प्रोसेस म्हणजे वेगळा संसार, भांडणाचा प्रश्न नाही.

दुसऱ्यासाठी पिप लिस्टमध्ये पायसाइड६ किंवा पायक्यूटी६ (क्यूटी६ ची बाइंडिंग) आहे का बघा. पैज लावतो, आहे.

---

कुर्डुवाडी_जंक्शन

पैज तात्या जिंकणार. मॅटप्लॉटलिबचा बॅकएंड_क्यूटीएजीजी असा वागतो: प्रोसेसमध्ये आधीच एखादं क्यूटी बाइंडिंग इम्पोर्ट झालेलं असेल तर तेच घेतो. नसेल तर क्यूटी_एपीआय व्हेरिएबल बघतो. तेही नसेल तर स्वतः शोधत जातो, आणि शोधताना आधी क्यूटी६ वाली, मग क्यूटी५ वाली. तुमची आलेखाची फाइल पहिली आली की त्या वेळी पायक्यूटी५ अजून आत आलेलं नसतं, म्हणून मॅटप्लॉटलिब पडून असलेलं पायसाइड६ उचलतो. तुमचं क्यूॲप्लिकेशन बनलं क्यूटी५ मध्ये, कॅनव्हास बनतोय क्यूटी६ मध्ये. क्यूटी६ च्या दृष्टीनं क्यूॲप्लिकेशन बनलेलंच नाही. भूत ते हे.

म्हणजे ओपनसीव्हीच्या बाबतीत इम्पोर्टचा क्रम निरर्थक होता आणि इथं तोच निर्णायक आहे. दोन्ही दुखणी "दोन क्यूटी" याच घराण्यातली, पण पहिल्यात व्हेरिएबल खोटं बोलतं, दुसऱ्यात निवड चुकते.

इलाज: मेनच्या अगदी पहिल्या ओळीत, इतर कुठल्याही इम्पोर्टच्या आधी, ओएस.एन्व्हायरॉनमध्ये क्यूटी_एपीआय ला "पायक्यूटी५" द्या. आणि वापरात नसलेलं बाइंडिंग व्हेन्वमधून काढूनच टाका. पायइन्स्टॉलरनं बांधणार असाल तर हे काढणं सक्तीचंच आहे: एकाच बांधणीत दोन क्यूटी बाइंडिंग सापडली की नव्या आवृत्त्या काम थांबवतात. काढता येत नसेल तर --एक्सक्लूड-मॉड्यूल द्या.

आलेखासाठी पायप्लॉट वापरत असाल तर सोडा. मॅटप्लॉटलिब.फिगर मधून सरळ फिगर घ्या आणि फिगरकॅनव्हासक्यूटीएजीजी मध्ये बसवा. पायप्लॉट आपल्या खिडक्यांचा कारभार स्वतः बघायला जातो, तुमच्या ॲपमध्ये दुसरा कारभारी नको.

---

बाणा_बायनरी

आयएमशो काढून क्यूलेबलमध्ये चित्र दाखवणार असाल तर पुढचा खड्डा आत्ताच सांगून ठेवते, कारण टॉवेलच्या कामात तो फार फसवा आहे.

क्यूइमेज बनवताना बहुतेकजण डेटा, रुंदी, उंची आणि फॉरमॅट एवढंच देतात. मध्ये बाइट्सपरलाइन (चित्राच्या एका ओळीचे बाइट) द्यायचं राहतं. ते दिलं नाही तर क्यूइमेज धरून चालते की प्रत्येक ओळ ४ बाइटच्या पटीत संपते. ६४० रुंदीला ६४० × ३ = १९२०, चारानं भाग जातो, चित्र छान दिसतं. आता किनार कापून ६३५ रुंदीचा तुकडा दाखवा: ६३५ × ३ = १९०५. पुढची चाराची पट १९०८. म्हणजे क्यूटी प्रत्येक ओळीला ३ बाइट, म्हणजे बरोबर एक पिक्सेल, पुढं सरकते. ४८० ओळींत चित्र ४८० पिक्सेल तिरकं. स्क्रीनवर बघणाऱ्याला वाटणार टॉवेलची वीणच तिरकी गेलीय, आणि तो चांगले टॉवेल बाजूला काढत बसणार. तपासणीचा निकाल मात्र बरोबर असतो, कारण तो नम्पायच्या ॲरेवर होतो. शिवाय शेवटाला क्यूटी ४८० × ३ = १४४० बाइट हद्दीबाहेर वाचते. कधी कचरा दिसतो, कधी सेगफॉल्ट.

तेव्हा:
– बाइट्सपरलाइन म्हणून फ्रेम.स्ट्राइड्स[०] द्या. ३ × रुंदी हे फक्त सलग ॲरेला खरं असतं.
– कापलेला तुकडा सलग नसतो, तो मूळ फ्रेममधली खिडकी असते. एनपी.ॲस्कंटिग्युअसॲरे मधून काढा, मगच क्यूइमेजला द्या.
– ओपनसीव्हीचा रंगक्रम निळा-हिरवा-लाल. क्यूटी ५.१४ पासून फॉरमॅट_बीजीआर८८८ आहे, तो दिला की सीव्हीटीकलर वाचतं. आरजीबी८८८ दिलात तर लाल चौकट निळी दिसेल.
– क्यूइमेज डेटाची प्रत घेत नाही, नम्पायचीच मेमरी वापरते. फंक्शन संपलं, फ्रेम मोकळी झाली की हातात रिकामं पोतं. पाठीमागं .कॉपी() लावा. १२८० × ७२० चं चित्र म्हणजे सुमारे २७ लाख ६५ हजार बाइट, सेकंदाला २५ वेळा कॉपी केलं तरी आजच्या मशीनला जाणवत नाही.

कॅमेऱ्याचा लूप क्यूथ्रेडमध्ये असेल तर तिथून क्यूलेबलला हात लावायचा नाही. क्यूइमेज सिग्नलनं पाठवायची, सेटपिक्समॅप मुख्य थ्रेडमध्ये.

---

विणकर_कोड

पायसाइड६ निघालं (तात्या, चहा लागू). क्यूटी_एपीआय लावलं, आलेख आला. चित्र खरंच तिरकं येत होतं, स्ट्राइड्सनं सरळ झालं.

शेवटचं एक. वीज जाऊन आली की ॲप आपोआप उठावं म्हणून सिस्टमडी सर्व्हिस (मशीन सुरू होताना आपोआप चालणारी) केली. हातानं चालवलं तर चालतं, सर्व्हिसमधून पुन्हा तोच "एक्ससीबी". परत दुसरी क्यूटी कुठून आली?

---

टर्मिनल_तात्या

चहा घेतला. आता ओळ पूर्ण वाचा, त्याच्या वर "कुड नॉट कनेक्ट टू डिस्प्ले" असं असणार, आणि "इन" च्या पुढं सीव्ही२ ची वाट नसणार. एक्ससीबी हे नाव तेच, पण रोग वेगळा. सिस्टम सर्व्हिस बूट होताना चालते, तेव्हा कोणी लॉगिन केलेलं नसतं, डिस्प्ले व्हेरिएबल नसतं, खिडकी उघडायला पडदाच नसतो.

या एका नावाखाली तीन वेगळी दुखणी येतात, ती अशी ओळखा. वाट सीव्ही२ ची: दोन क्यूटी. "कनेक्ट टू डिस्प्ले": पडदा नाही. वाट रिकामी, नुसते दोन अवतरणचिन्हं: सिस्टमची एखादी लायब्ररी कमी. या तिसऱ्यालाच तुमचं झिनेरामा लागू पडतं, क्यूटी ६.५ पासून पुढं लिबएक्ससीबी-कर्सर० लागतं. कोणती कमी आहे ते पायक्यूटी५/क्यूटी५/प्लगइन्स/प्लॅटफॉर्म्स मधल्या लिबक्यूएक्ससीबी.एसओ वर एलडीडी (फाइलीला लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी आज्ञा) चालवून "नॉट फाउंड" ग्रेप केलं की कळतं. तरी उलगडलं नाही तर क्यूटी_डीबग_प्लगइन्स=१ देऊन चालवा, कुठं कुठं शोधलं ते सगळं ओकतं.

टर्मिनलवर "इग्नोरिंग एक्सडीजी_सेशन_टाइप=वेलँड ऑन ग्नोम" असं दिसलं तर घाबरू नका, ती नुसती सूचना आहे.

सर्व्हिस काढा. ऑपरेटरच्या होममध्ये .कॉन्फिग/ऑटोस्टार्ट फोल्डरात .डेस्कटॉप फाइल ठेवा. एक्झेक मध्ये व्हेन्वमधल्या पायथनची पूर्ण वाट द्या, नुसतं "पायथन३" दिलंत तर सिस्टमचा पायथन उठेल आणि त्याला पायक्यूटीच सापडणार नाही. उबुंटूच्या सेटिंग्जमध्ये त्या युजरला ऑटोमॅटिक लॉगिन. आणि बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं तो पर्याय "पॉवर ऑन" वर. हा शेवटचा विसरला तर वीज आल्यावर कोणीतरी बटण दाबेपर्यंत बाकीचं सगळं मुकाट बसून राहतं.

---

विणकर_कोड

ऑटोस्टार्टनं उठलं. मेन स्विच दोनदा पाडून बघितला, दोन्ही वेळा ॲप परत आलं. मॅप्समध्ये क्यूटी५कोअर एकाच वाटेचं आहे. धागा बंद केला तरी चालेल.